पडदेवालीची मैफल

गाणं ऐकणाऱ्या मंडळींत मिस्त्रींच्या 'वा'ला मान होता. माणूस तसा साधा. चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेलेली, नखांतला तेलाचा काळेपणा काही केल्या निघायचा नाही. पण कार्यक्रमाला बसले आणि गाणाऱ्यानं एखादी अवघड जागा घेतली रे घेतली, की यांचा 'वा' आलाच. मोठ्यानं नाही, हळूच, आणि बरोब्बर वेळेवर. बाकीचं सभागृह मग जागं व्हायचं आणि माना डोलवायला लागायचं. एका मोठ्या गायिकेनं तर एकदा पुढच्या रांगेतल्या बड्या लोकांना सोडून आठव्या रांगेतल्या मिस्त्रींकडे बघून मान लववली होती. त्या दिवशी मिस्त्री दोनदा जेवले.

मिस्त्रींच्या पाठोपाठ शेजारच्या खुर्चीतून दुसरा 'वा' यायचा, तो त्यांच्या बायकोचा. बायको पडदे शिवायची, म्हणून सगळे तिला पडदेवालीच म्हणायचे. आता खरं सांगायचं तर पडदेवालीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाला नवरा 'वा' म्हणाला, तेव्हा आपण गप्प बसलो तर अडाणी दिसू म्हणून तिनंही म्हटलं. तिथून जी सवय लागली ती लागलीच. एकतीस वर्षं ती नवऱ्याच्या 'वा'च्या मागून 'वा' म्हणत आली होती, आणि लोक म्हणायचे, काय जोडी आहे! दोघंही जाणकार! ती आपली मान खाली घालून हसायची. कोण कशाला सांगायला जातंय?

गेल्या हिवाळ्यात मात्र गंमत झाली. गंमत कसली, फजितीच. मोठं सभागृह, मोठा गवई, त्यानं कुठूनसा सूर उचलला आणि अख्खं सभागृह 'अहाहा' म्हणून उठलं. पडदेवालीनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं, तर नवरा तिच्याकडेच बघत होता. ती थांबली, तोही थांबला. सगळ्यांचं होऊन गेल्यावर मिस्त्री 'वा' म्हणाले. बस निघून गेल्यावर मागून पळणाऱ्या माणसासारखा होता तो 'वा'. शेजारच्या गृहस्थांनी वळून बघितलं. मिस्त्रींचे कान लाल झाले.

त्यानंतर मिस्त्रींचे गुडघे दुखायला लागले. म्हणजे बाजारात जाताना नाही, जिना चढताना नाही, फक्त कार्यक्रमाला जायचं म्हटलं की. पडदेवालीला वाटलं, असेल काहीतरी मनात. पण एका सकाळी ती यंत्रावर बसली होती, बॉबिन सैल होऊन खडखड करत होती, आणि चार हातांवर पेपर वाचणारा हा माणूस मान वर करून बघेना. एरवी पलीकडच्या खोलीतून ओरडायचे, "अगं, सुई वाकलीय तुझी!" ती यंत्र थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला सगळं लख्ख कळलं.

कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तेही 'चला, माझं डोकं दुखतंय, सोबत या' अशी थाप मारून. कानात यंत्र आलं. यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण हे एवढंसं यंत्र काही त्यांना वळणावर आणता येईना. बोलणं कळायचं. पण लाउडस्पीकरवरचं गाणं त्यातून गेलं की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं व्हायचं. "राहू दे गं," मिस्त्री म्हणाले, "खूप ऐकलं आयुष्यभर." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की पडदेवालीला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

तिची शिवणाची खोली म्हणजे पूर्वीचा बर्फाचा कारखाना. लांबलचक, उंच छताची, आणि भिंतींना जमिनीपासून वरपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल्स. गिऱ्हाईक आत आलं की म्हणायचं, "अगंबाई, न्हाणीघरात आल्यासारखं वाटतं!" पडदेवालीला या टाइल्सची मनस्वी लाज वाटायची. लोकांच्या घरांना शोभा द्यायची, आणि आपलं दुकान हे असं.

वसंतात एक दिवस पोस्टातली मुलगी पडद्यांचं माप घेऊन आली. तिकिटांच्या खिडकीवर बसणारी, सगळे तिला पोस्टवालीच म्हणायचे. कापड निवडता निवडता ती सहज गुणगुणत होती. मिस्त्री कोपऱ्यात, दोन भिंती जिथं मिळतात तिथं, स्टुलावर चहा पीत बसले होते. एकदम म्हणाले, "पोरी, खालच्या सुरावर घाई करतेस. टेक तिथं जरा."

पडदेवालीच्या हातातला खडू खाली पडला. पोस्टवाली दहा पावलांवर होती, आणि यांना ऐकू आलं होतं! नुसतं ऐकू नाही आलं, तर चूक कळली होती. पोस्टवालीनं तोच सूर पुन्हा घेतला, या वेळी टेकून. मिस्त्रींनी कप खाली ठेवला.

त्या रात्री पडदेवालीच्या डोक्यात भुंगा शिरला. मैफल करायची. इथंच, याच खोलीत, माइकशिवाय. तसं पोस्टवालीला नुसतं चहाला बोलावून नवऱ्याला गाणं ऐकवता आलं असतं. पण 'वा' चारचौघांत म्हणायचा असतो. ज्या लोकांसमोर तो उशिरा पडला, त्याच लोकांसमोर तो परत यायला हवा होता. तिला दुसरं काही नको होतं.

मैफलीचं तिनं नवऱ्याला सांगितलं, पण ती कशासाठी, याचं अवाक्षर काढलं नाही. मिस्त्री म्हणाले, "आता या वयात आयोजक व्हायचंय का तुला?"

"हो, व्हायचंय. तुमचं काही म्हणणं?"

"माझं कसलं म्हणणं! मी खुर्च्या पुसतो."

खरी मदत केली ती नणंदेनं. नणंद मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, आणि हाताखाली कुणी नसल्यामुळे गेली दोन वर्षं कासावीस. तिनं वाचनालयातून चाळीस खुर्च्या मिळवल्या, मिस्त्रींच्या जुन्या ऐकणाऱ्या मंडळींना एकेकाला गाठून बोलावलं, आणि दारावर लावायची सूचना स्वतःच्या अक्षरात लिहिली: 'माइक नाही. कुजबुज चालणार नाही. उशिरा येणाऱ्यांनी दारातच उभं राहावं. खोकला असणाऱ्यांनी घरी बसावं.'

"वन्सं, शेवटचं जरा खोडा हो," पडदेवाली म्हणाली. "मैफल आहे, परीक्षा नाही."

दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत पोस्टवाली सरावाला यायची. तिचा थोरला दीर गिटार वाजवायचा, तोही यायचा. मिस्त्री कोपऱ्यातल्या स्टुलावर, पडदेवाली यंत्रावर. मिस्त्री मधेच म्हणायचे, "इथं थांब," किंवा "हां, आता सोड," आणि पडदेवाली टाके घालता घालता ऐकायची. एका गुरुवारी तिच्या लक्षात आलं की मिस्त्री 'थांब' म्हणायच्या आधीच तिचा पाय यंत्राच्या पायडलवरून उचलला जातोय. योगायोग असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं.

बाकी वेळ ती पडदे शिवत होती. एवढी मंडळी येणार, आणि त्या न्हाणीघरात बसवणार? छे! तिनं गोदामातली गडद लाल मखमल काढली. दुहेरी अस्तर, दाट चुण्या, छतापासून जमिनीपर्यंत. तीन आठवड्यांत अकरा पडदे. बोटांना घट्टे पडले, मान धरली, पण तिनं चिकाटी सोडली नाही. शनिवारी मिस्त्रींना बहिणीकडे जेवायला पिटाळून तिनं दोन बायका हाताशी घेऊन सगळे पडदे टांगले. संध्याकाळी मिस्त्री परत आले आणि दारातच थबकले. टाइल्सचा मागमूस नव्हता. राजवाड्यातली खोली दिसत होती.

"अगं, काय केलंस हे!" मिस्त्री म्हणाले, आणि पडदेवालीला वाटलं, तीन आठवड्यांचं चीज झालं.

रविवारी मैफल चारला होती. पोस्टवाली आणि तिचा दीर दोनलाच आले. "एकदा आवाज लावून बघते," ती म्हणाली. मिस्त्री तिसऱ्या रांगेत मधोमध बसले, पडदेवाली त्यांच्या शेजारी, नणंद मागे घड्याळ बघत.

पोस्टवालीनं गायला सुरुवात केली, आणि पडदेवालीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते सांगता येईना. तेच गाणं, तोच गळा. पण गुरुवारी जे अंगावर यायचं ते आज तिथल्या तिथंच पडत होतं. पोस्टवालीच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. गिटार तर कुणी उशीखाली वाजवतंय असं वाटत होतं. पडदेवालीनं हळूच नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री पोस्टवालीच्या ओठांकडे टक लावून बघत होते. पोस्टवाली ओळीच्या मधे श्वास घ्यायला थांबली, तसे ते घाईनं म्हणाले, "वा! छान!"

कुणी श्वास घेतला म्हणून का कुठं 'वा' म्हणतात?

गाणं संपल्यावर ती तडक पुढे गेली. "खरं सांग हं मला. काय होतंय?"

पोस्टवालीनं दिराकडे पाहिलं, दिरानं छताकडे. "मावशी, तुम्ही रागावणार नसाल तर बोलते."

"बोल गं पटकन."

पोस्टवालीनं नुसती एक टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली. मग तिनं पडदेवालीचा हात धरून तिला मागच्या बोळात नेलं. तिथं भिंती उघड्या होत्या, त्याच पांढऱ्या टाइल्स. तिथं टाळी वाजवली, तर ती खणखणीत वाजून छतापर्यंत जाऊन आली.

"पडदे आवाज पितात, मावशी," ती अगदी हळू म्हणाली. "इतके सुंदर आहेत. मला बोलवेना."

पडदेवालीनं त्या उघड्या टाइल्सवर हात ठेवला. अरे देवा! ज्या भिंतींनी नवऱ्याला गाणं परत दिलं होतं, त्याच भिंती तिनं दुहेरी अस्तर लावून बुजवून टाकल्या होत्या. जगात दुसऱ्या कुठल्या बाईनं हे केलं नसतं. दुसऱ्या बाईला इतके चांगले पडदे शिवताच आले नसते! तिला स्वतःचाच इतका राग आला की कुणावर काढावा कळेना, म्हणून तिनं तो टाइल्सवर काढला. "मेल्यांनो, आधी सांगायला काय झालं होतं?"

नणंद मागून आली होती. "वहिनी, सगळे कशाला काढायचे? निम्मे ठेवू. अगदीच वाटलं तर दारावरचा तरी..."

"वन्सं, शिडी आणा."

सव्वादोन वाजले होते. पडदेवाली शिडीवर चढली आणि एकेक कडी सोडवायला लागली. मखमल धपकन खाली येत होती. मिस्त्री धावत येऊन शिडी धरून उभे राहिले. "अगं, वेड लागलंय का? तीन आठवडे खपलीस! इतकं झकास दिसतंय. राहू दे ना!"

"नको मला झकास."

"पण का?"

तिनं खाली पाहिलं. हे तोंडातून काढायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण कड्या सोडवता सोडवता तेही सुटलं. "तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून!"

दीर गिटारची खुंटी पिळत बसला. मिस्त्रींनी शिडी आणखी घट्ट धरली. म्हणाले, "डॉक्टरकडे नेलंस त्याच्याही आधी तुला माहीत होतं ना? केव्हापासून?"

"हिवाळ्यातल्या कार्यक्रमात तुमचा 'वा' उशिरा आला ना, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. कानांचं मागाहून कळलं, बॉबिन खडखडली तेव्हा."

"उशिरा येईल नाही तर काय? मी तुझी वाट बघत होतो. म्हटलं, मला ऐकू येत नाही तर नाही, हिला येतंय. ही म्हणेल तेव्हा आपण म्हणू. तर तू मेली बोलेचनास!"

पडदेवालीच्या हातातली कडी खाली पडली. "माझी वाट? अहो, मी तुमची वाट बघत होते! मला काय कळतंय? एकतीस वर्षं तुमच्या मागून म्हणतेय मी!"

"काय सांगतेस!"

"आता शिडीवर उभी राहून खोटं बोलू?"

मिस्त्री हसायला लागले. त्यांच्या हसण्यानं शिडी हलायला लागली, तशी तीही वरून ओरडता ओरडता हसायला लागली. नणंद म्हणाली, "दादा, शिडी धर नीट, आयोजक पडेल." हसता हसता पडदेवालीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मखमलीलाच पुसलं. आता त्या मखमलीचा तेवढा तरी उपयोग होता.

साडेतीनला शेवटचा पडदा उतरला. खोली पुन्हा पांढरी, उघडी, न्हाणीघर. पोस्टवालीनं टाळी वाजवून पाहिली आणि तिचा चेहराच उजळला. मग ती म्हणाली, "फक्त एक आहे. लोक बसले की त्यांचे कपडेही थोडा आवाज पिणार. काकांना जवळ बसवा."

"जवळ म्हणजे कुठं?" मिस्त्री म्हणाले.

नणंदेनं काही न विचारता कोपऱ्यातलं चहाचं स्टूल उचलून आणलं आणि गाणारीच्या डाव्या हाताला, दोन भिंती मिळतात तिथं ठेवलं. समोर सगळे श्रोते.

"सगळ्यांच्या समोर? मी काय गाणार आहे का?"

"दादा, बस," नणंद म्हणाली. या आवाजापुढे तीस वर्षं अख्खी शाळा बसत आली होती. दादाही बसले.

चारच्या ठोक्याला खुर्च्या भरल्या. जुनी मंडळी आली होती, हिवाळ्यात वळून बघणारे ते गृहस्थही होते. पडदेवालीला नवऱ्याजवळ बसायचं होतं, पण उशिरा येणाऱ्यांसाठी दारात कुणीतरी हवं, आणि आयोजक म्हणजे तीच. ती दाराशी पडद्यांच्या ढिगावर टेकली. तिथून बघताना गिटारवाला रुंद दीर मधे येत होता, आणि त्याच्यामागे मिस्त्री पार झाकले गेले होते. आज कुणाकडे बघायची सोयच नव्हती. गप्प बसायचं झालं, ती मनाशी म्हणाली.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. आवाज भिंतींवरून फिरून अगदी दारापर्यंत येत होता, कुणी शेजारी बसून गातंय इतका स्वच्छ. लोक माना डोलवत होते. कोपऱ्यातून मात्र काही आलं नाही. पडदेवाली मखमलीची कड बोटांत चुरगाळत राहिली. येत असेल ना ऐकू? का अजूनही ओठांकडेच बघताहेत?

तिसरं गाणं सरावात कधीच नव्हतं. पोस्टवालीनं ते आजच काढलं होतं, संथ, आई झोपवताना म्हणते तसं. एक ओळ वर चढली, आणखी वर गेली, आणि टोकावर जाऊन थांबली. गिटारही थांबलं. खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. आता ती आणखी वर जाणार असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ती अलगद खाली आली, खालच्या सुरावर, आणि घाई न करता तिथं टेकली.

"वा!" पडदेवाली म्हणाली.

तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. तिनं कुणाकडे पाहिलं नव्हतं, पाहायला कुणी दिसतच नव्हतं. आणि तिचा शब्द पुरता सुटतो न सुटतो तोच दिराच्या पाठीमागून, कोपऱ्यातून, हळूच, बरोब्बर, दुसरा 'वा' आला.

अर्ध्या माना दाराकडे वळल्या, अर्ध्या कोपऱ्याकडे. मग सगळी खोली एकदम जागी झाली. हिवाळ्यातले गृहस्थ तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "आले बुवा मिस्त्री!" पोस्टवालीला हसू आवरेना. तिनं कोपऱ्याकडे बघून मान लववली आणि तीच ओळ पुन्हा धरली. पडदेवालीनं तोंडावर मखमल दाबून धरली होती, आणि ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मध्यंतर झालं. लोक उठायच्या आतच मिस्त्री स्टुलावरून वाकून दिराच्या खांद्यावरून डोकावले. कानांत यंत्र असणारी माणसं बोलतात तसे, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे म्हणाले, "अगं, आधी कोण म्हणालं? तू का मी?"

सगळे हसले. पडदेवालीच्या ओठांवर आलं होतं, तुम्हीच. एकतीस वर्षांची सवय. पण पडद्यांच्या ढिगावर ताठ बसत ती म्हणाली, "मी!"

मिस्त्रींनी समाधानानं मान हलवली.

"तेच म्हटलं," ते म्हणाले. "मलाही तसंच ऐकू आलं."